मेरिटच्या वहीच्या बारा पुस्तिका

केट्ल लेक, १९ मे

प्रिय रोवेना,

तुझा आताचा पत्ता मी तुझ्या डेलकडून घेतला. वाचनालयातून बोलतेय, तुझ्या नावावर एक पुस्तक राहिलंय, असं खोटंच सांगितलं. पोराने एक प्रश्न न विचारता पत्ता दिला. आवाज अगदी त्याच्या बापासारखा झालाय. फोन ठेवल्यावर वाटलं, सहा वर्षांनी तुझ्या घराशी पहिला शब्द बोलले आणि तोही खोटा.

आधी इथली बातमी सांगते. मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि वाचनालयाच्या तळघरात पाणी शिरलं. आपली सतरा खोकी रद्दी भिजून लगदा झाली. हॅन्सनच्या शेतावरच्या लिलावातून आपण दोघींनी पावसात उभं राहून आणलेली बियाण्यांची सूचिपत्रकं, जुनी भजनांची पुस्तकं, शिवणाचे नमुने, सगळं गेलं. आता रद्दीतून पुस्तिका करणारा आपला गुरुवारचा गट चर्चच्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसतो. आठजणी उरलोय. बर्निस अजून लिंबाच्या वड्या आणते आणि अजूनही त्यांत साखर जास्त असते. कुणी तोंडावर सांगत नाही. सांगणारी तू होतीस.

गट सुरू झाला तो माझ्या जेवणाच्या टेबलावर, आठवतं? तू आणि मी, दोघीच. माझा हॅरल्ड दारातून डोकावून म्हणाला होता, "चांगल्या शिकलेल्या बायका आणि करताय काय, तर रद्दी फाडून परत रद्दी!" तू त्याला म्हणालीस, "तुझ्या गॅरेजात काय सोनं आहे का रे?" जुन्या पाकिटांची, गाण्यांच्या पानांची, साखरेच्या पिशव्यांची पानं कापायची, कॉफीत बुडवून वाळवायची, मधोमध घडी घालून तीन भोकं पाडून शिवायची आणि वर लेसचा तुकडा चिकटवायचा. तळहाताएवढी ती पुस्तिका मग रद्दीच्याच एखाद्या जाडजूड जर्नलच्या, म्हणजे चिकटवहीच्या, खिशात सरकवायची. पंधरा वर्षं आपण हेच केलं. मी मोजून मापून कापायचे, तू हाताने फाडायचीस. माझ्या कडा सरळ असायच्या आणि लोक उचलायचे तुझ्या पुस्तिका. याचं मला फार काही वाटत नाही असं मीच मला सांगत आले होते. तू माझी मैत्रीण होतीस आणि ते पुरेसं होतं.

मग आयडेला आली. नवऱ्याने सोडलेली, पलीकडच्या जिल्ह्यातून आलेली, थंडी नसतानाही अंगावर कोट ठेवूनच बसणारी. पहिल्या गुरुवारी तिने कोटाच्या खिशातून जी पुस्तिका काढली, ती काडेपेटीपेक्षा लहान होती. चहाच्या पिशव्यांचे कागद धुऊन, इस्त्री करून केलेली. तू ती हातात घेतलीस आणि बराच वेळ बोललीच नाहीस. रोवेना, माझ्या हातची एकही वस्तू बघून तू कधी गप्प झाली नव्हतीस. त्यानंतर तू तिच्या शेजारी बसायला लागलीस. आपण दोघी जायचो त्या लिलावांना तिघी जायला लागलो, आणि गाडीत मी मागे. एकदा माझी पुस्तिका टेबलावर फिरत होती तेव्हा तू म्हणालीस, "नोरीनचं काम म्हणजे शाळेचं प्रगतिपुस्तक गं, सगळीकडे चांगले गुण आणि वाचावंसं एक पान नाही!" सगळ्या हसल्या. मीही हसले. आयडेला हसली नाही, तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. तुझं बोलणं मी महिन्याभरात विसरले असते. तिची ती नजर मात्र विसरले नाही.

आपल्या गेलेल्या मुलीची, मेरिटची वही आयडेलाने तुझ्याकडे आणून दिली तो दिवसही मला माहीत आहे, कारण तू मला लगेच फोन केला होतास. तू रडत होतीस. सोळा वर्षांची पोर मार्च महिन्यात गोठलेल्या तळ्यावरून चालत घरी यायला निघाली आणि पातळ बर्फाने तिला गिळलं. तिच्यामागे आयडेलाकडे कपडे होते, स्केट्स होते आणि ही एक शाळेची वही. बाकीच्या वह्या नवऱ्याने जाताना जाळल्या होत्या. अकरा वर्षांत आयडेलाने ती उघडून वाचली नव्हती. घरात ठेववत नाही आणि टाकवतही नाही, म्हणून तुझ्याकडे दिली. तुला म्हणाली होती, "माझी तयारी झाली की सांगेन. मग आपण दोघी मिळून तिच्या एका पानाची एक पुस्तिका करू. एकच. तोवर सांभाळ." फोनवर तू मला म्हणालीस, "नोरीन, एवढा विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नाही." मी तुझ्याशी एकोणतीस वर्षं मैत्री केली होती.

पुढचं तू तुझ्या बाजूने जगली आहेस. नोव्हेंबरच्या शेवटी डेलच्या मुलीच्या जन्माला तू ॲरिझोनाला गेलीस. निघायच्या घाईत गटाच्या टोपलीसाठी रद्दीचं एक खोकं बांधून माझ्याकडे ठेवलंस. त्या वर्षी सगळ्यांनी एकाच टोपलीतले कागद घ्यायचे आणि नाताळच्या गुरुवारी सगळ्या पुस्तिका एकाच बाईला द्यायच्या असं ठरलं होतं. जी गटात सगळ्यांत नवी, तिला. मीच ते सुचवलं होतं. सगळ्यांना किती आवडलं होतं! तू परत आलीस ती आदल्या दिवशी, दमलेली, हातात बाळाचे फोटो. तुला पुस्तिका करायला वेळच मिळाला नव्हता. बाराजणींनी बारा केल्या होत्या, आणि त्यांतली एक माझी होती.

आयडेलाने त्या दिवशी पहिल्यांदा कोट काढून खुर्चीला लावला होता. पहिली पुस्तिका बर्निसची. आयडेला हसून म्हणाली, "अगं, किती सुंदर! हे अक्षर कुणाचं?" बर्निस म्हणाली, "कुणास ठाऊक, टोपलीतलं आहे. कुणा मुलीची जुनी वही दिसते. गोड आहे ना?" दुसरी उघडली. तिसरीच्या आतल्या पानावर निळ्या शाईत काढलेला घोडा होता, त्याचं शेपूट कातरीने कापलं गेलं होतं. आयडेलाने तो घोडा बोटाने चाचपला. मग तिने भराभर पुढच्या उघडल्या, चौथी, पाचवी, सहावी. लेस ओढून काढली, शिवण उसवली आणि पानांना पान लावून बघायला लागली, कापलेल्या कडा जुळतायत का ते. जुळत नव्हत्या. बारा बायकांनी बारा आकारांत कापल्या होत्या. कुणाला काहीच कळत नव्हतं. बर्निस म्हणत राहिली, "अगं, आवडलं नाही का? आयडेला, काय झालं?" आणि तू उभी राहिलीस. तुझा चेहरा मी बघितला. तू म्हणालीस, "नाही. नाही नाही. ती माझ्या कपाटात आहे." तेवढ्यात मी बोलले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण हळहळून बोलले, "रोवेना! ते खोकं तू घाईत बांधलंस ना गं?"

बस, एवढंच. एवढं एक वाक्य बोलले आणि माझं काम झालं. तू तुझ्या हातांकडे बघायला लागलीस. तुझं तुलाच आठवेना की खोकं बांधताना तू काय काय टाकलं होतंस. त्या क्षणी तुझा स्वतःवरचा विश्वास उडाला तो मी समोर उभी राहून बघितला, आणि रोवेना, मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. पंधरा वर्षांत त्या टेबलावर माझी एवढी नेमकी कुठलीच गोष्ट जमली नव्हती.

माझी पुस्तिका तिने सगळ्यांत शेवटी उघडली. ती सगळ्यांत देखणी होती, तूही बघितलीस. मधल्या पानावर, लेसच्या चौकटीत, तुझ्याच व्हायोलेटचं दाबून वाळवलेलं फूल लावलं होतं आणि त्याखाली मेरिटचं अक्षर होतं. "मोठी झाल्यावर मी काहीही होईन, पण आईसारखी होणार नाही. तिच्या हसण्याचासुद्धा मला वैताग येतो." आयडेलाने ते वाचलं. परत वाचलं. मग कोट घातला, पुस्तिका आणि पानांचे तुकडे खिशांत कोंबले आणि तुझ्यासमोर येऊन उभी राहिली. तू "आयडेला, मला खरंच..." एवढंच म्हणालीस. ती म्हणाली, "मला ते वाचायचंच नव्हतं. म्हणून तुझ्याकडे दिलं होतं." त्यानंतर ती तुझ्याशी जन्मात बोलली नाही.

ते फूल तू कधी ओळखलंस का? मला सहा वर्षं वाटत आलंय की कधीतरी तुझ्या लक्षात येईल. तुझ्या खिडकीतल्या व्हायोलेटच्या कुंड्यांना तीन आठवडे मी पाणी घालत होते. किल्ली माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी मी कपाट उघडलं. वही वरच्या फळीवर उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली होती. तुझ्या खोक्यात नव्हतीच ती. तुझ्याकडून कसलीही चूक झाली नव्हती. मी तिथेच, तुझ्या पलंगावर बसून ती अथपासून इतिपर्यंत वाचली. बीजगणित, घोडे, मैत्रिणींची भांडणं आणि मधूनमधून आईला शिव्या, सोळाव्या वर्षी सगळ्याच मुली देतात तशा. ज्या पानावर ते वाक्य होतं, त्याच्या पुढच्याच पानावर तिने लिहिलं होतं की आई आज शाळेच्या पटांगणावर तासभर थंडीत माझे स्केट्स घेऊन उभी होती आणि मी तिच्याशी घाणेरडी वागले, उद्या तिची माफी मागेन. तारीख होती ती बुधवारची. गुरुवारी ती तळ्यावर गेली. ते पुढचं पान मी घरी येऊन शेगडीत घातलं. बाकीची वही कॉफीत बुडवली, वाळवली, पानं सुटी केली, तुझ्या खोक्यातल्या कागदांत मिसळली आणि ते वाक्य तेवढं स्वतःसाठी ठेवलं. माझ्या कडा नेहमीसारख्या सरळ आल्या.

वसंतात तू घर विकून डेलकडे गेलीस. तुला पोचवायला कुणी आलं नाही. मीही नाही. पडद्याआडून तुझी गाडी वळताना बघितली आणि मग आयडेलाकडे भाजलेल्या बटाट्यांचं भांडं घेऊन गेले. तिला कुणीतरी लागत होतं आणि मला तुझी जागा हवी होती. मिळाली. लिलावांना आम्ही दोघी जायचो, मी पुढे बसायचे. पण ती तू नव्हतीस आणि तिलाही मी तू नव्हते. गाडीत ती तासन् तास बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "पोरगी माझा राग करत गेली, नोरीन. निदान ते मला कळायला नको होतं." रोवेना, त्या पुढच्या पानावर काय होतं ते मला तोंडपाठ होतं. एका वाक्यात मी तिला सोडवू शकले असते. पण ते पान मी वाचलं कसं, हे मग सांगावं लागलं असतं. मी म्हणाले, "पुढच्या वळणाला कॉफी घेऊ या का?" तू तिला पत्रं पाठवलीस, सहा. ती माझ्या हातात द्यायची, "परत पाठव" म्हणून. पाकिटांवर "स्वीकारले नाही" लिहिलेलं अक्षर माझं होतं. तू ते ओळखलं असशीलच. तुला वाटलं असेल, नोरीन बिचारी मध्ये सापडली आहे.

दोन वर्षांपूर्वी आयडेला विसरायला लागली. आधी चुलीवरचं भांडं, मग रस्ते, मग माणसं. तिचा भाचा दूरच्या गावी असतो, त्याने तिला वृद्धाश्रमात ठेवलं. मी रोज दुपारी जायचे. एक दिवस तिने दारातच मला बघून तोंड फिरवलं. म्हणाली, "तू कशाला आलीस, रोवेना?" मी मागे वळून बघितलं, खरंच तू आलीस की काय म्हणून. पण ती माझ्याशीच बोलत होती. तेव्हापासून मी तिच्यासाठी रोवेना झाले. रोज. "तू असं का केलंस? मी तुझ्यावर विश्वास टाकला होता." रोज दुपारी ती मला हे विचारायची, कधी रडून, कधी हातातला पेला फेकून, आणि मी तुझ्या नावाने ऐकून घ्यायचे. परिचारिका म्हणायच्या, "तुम्ही फार सहनशील आहात हो. ही रोवेना कोण होती, एवढी वाईट?" मी पेल्याचे तुकडे उचलायचे.

फेब्रुवारीत एकदा मी सांगितलं. खुर्ची जवळ ओढून, तिचे दोन्ही हात धरून म्हणाले, "आयडेला, मी नोरीन. वही मी चोरली, मी कापली. रोवेनाने काही केलं नाही. आणि मेरिटने तुझी माफी मागायचं ठरवलं होतं, तिने तसं लिहून ठेवलं होतं." ती माझ्याकडे बघत राहिली. मग हात सोडवून घेतले आणि म्हणाली, "नोरीन चांगली आहे. रोज येते माझ्याकडे. तिच्या नावावर कशाला ढकलतेस, लाज नाही वाटत?" आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "मेरिट कोण?" पोर तिच्या डोक्यातून पुसून गेली होती, रोवेना. पोटची पोर विसरली आणि तुझ्यावरचा राग विसरली नव्हती. मी तुझ्यावर ढकललेली गोष्ट तिच्या डोक्यात तिच्या मुलीपेक्षा जास्त टिकली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, तिने मला पलंगावर शेजारी बसायला सांगितलं. फार बारीक झाली होती. म्हणाली, "रोवेना, तू माझं काहीतरी फाडलंस. काय ते आता आठवत नाही. खूप शोधलं, सापडत नाही. पण जाऊ दे. माझा राग संपला गं." आणि माझा हात हातात घेऊन झोपली. तासभर मी तो सोडवून घेतला नाही. त्या तासाबद्दल मला तुझ्याशी खोटं बोलायचं नाही. मला सुख वाटत होतं.

शुक्रवारी ती गेली. आज तिला जाऊन सहा आठवडे झाले. हे पत्र मी फेब्रुवारीपासून चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा टाकलं असतं तर तू विमानात बसून आली असतीस, ती तुझ्याशी बोलली असती, तो हात तुझ्या हातात आला असता. म्हणूनच टाकलं नाही. तू आली असतीस तर मी परत नोरीन झाले असते आणि तिच्याकडे नोरीनला देण्यासारखं काहीच नव्हतं. तिला मातीआड केल्यावर गेल्या गुरुवारी मी गटात उभी राहिले आणि सगळं सांगितलं. कपाट, किल्ली, शेगडी, सगळं. मग बर्निस म्हणाली, "अगं बाई, त्याला किती वर्षं झाली आता! आणि शेवटपर्यंत तिचं तूच तर केलंस. बस, कॉफी घे." आणि त्यांनी माझ्यापुढे वडी सरकवली, पाठीवरून हात फिरवला आणि कागद कापायला घेतले. आयडेलाने मला तुझी समजून माफ केलं आणि यांनी मला भली समजून माफ केलं. आता मी काय केलं ते नीट कळेल अशी तू एकटीच उरलीस. तुझं घर, तुझी मैत्रीण, तुझा स्वतःवरचा भरवसा, तिन्ही मी घेतली, आणि शेवटी तुझ्या वाट्याची माफीही. ती तुझी आहे म्हणून कळवते, पण ती परत कशी द्यायची ते मला माहीत नाही. तुझ्याकडून मला माफी नको, रोवेना. आजवर जी मागितली नाही ती मिळत गेली आणि एकही माझी झाली नाही. तू मला नाही म्हण. कागदावर लिहून, तुझ्या अक्षरात, माझं नाव घालून. तेवढ्यासाठी हे पत्र टाकते आहे.

निदान या वेळी माझ्याच नावाने,
तुझीच
नोरीन